सातव्या खाचेची शीळ

चाचणीकक्षाच्या काचेच्या दारापाशी आलं की शाल्मलीताई खटावकर चपला काढून ठेवत. तसा नियम नव्हता. साताऱ्याबाहेरच्या पठारावर पसरलेल्या ‘त्रिनेत्र संरक्षण प्रणाली’ या कंपनीत नियमांना काही तोटा नव्हता, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून त्यातले निम्मेअधिक शाल्मलीताईंनीच केले होते. चपलांचा नियम मात्र त्यांच्या एकटीपुरता होता. जिथे माणसं इतकं जीव ओतून काम करतात, तिथे चपला घालून शिरणं त्यांना बरं वाटत नसे.

त्या सकाळी त्या चपला घालूनच आत गेल्या. मागे दोन पहारेकरी होते.

तरुण अभियंता उन्मेष भोईटे पाठमोरा उभा होता. समोरच्या पकडीत करंगळीएवढी चकचकीत नळी धरलेली होती आणि त्याने तिला जवळजवळ कान लावला होता. पावलांचा आवाज ऐकून त्याने वळून न बघताच हात हलवला.

“ताई, या या. जरा ऐका बरं. काय ऐकू येतंय?”

शाल्मलीताईंनी ऐकलं. “काहीच नाही.”

“हां! तेच तर!” तो हसत वळला, आणि मग त्याला पहारेकरी दिसले.

“उन्मेष, परवाना काढून दे.”

उन्मेषचा हात गळ्याकडे गेला. तिथे तांबूस रंगाची चकती लटकत होती. हा त्याचा गोपन-परवाना. दारं तिनेच उघडत, आराखडे तिनेच दिसत. ती गळ्यात नसेल तर पठारावरचा हा सगळा कारखाना म्हणजे बंद दारांची रांग.

“चेष्टा करताय होय?”

“मी कधी चेष्टा केलीये?”

त्याने चकती काढली. देता देता तिची साखळी सरळ केली, पीळ सोडवला आणि मगच त्यांच्या तळहातावर ठेवली. शाल्मलीताईंना ते बघवेना.

हा परवाना त्यांनीच दिला होता. त्यासाठी चौकशीला त्या स्वतः फलटणला त्याच्या घरी गेल्या होत्या. वडील निवृत्त सुभेदार. पोराला देशाच्या गुपितांचा परवाना मिळणार म्हटल्यावर म्हातारा आत जाऊन जुनी टोपी घालून आला आणि ताठ उभा राहिला. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, “पोरगं सोन्यासारखं आहे ओ. एकच खोड. आमचं घड्याळ पुढं असलं, की न विचारता आत येतंय आणि नीट करून जातंय.” शाल्मलीताईंनी हसून ते सोडून दिलं होतं.

बैठकीच्या खोलीत दिल्लीहून आलेले पाठारे बसले होते. संरक्षण खात्याच्या चौकशी समितीचे हे गृहस्थ मूळचे मुंबईचे, शांत, पण नजर अशी की समोरचा आपण होऊन सरळ बसे. त्यांच्यासमोर डॉ. इरफान मुजावर होते, कंपनीचे गणिती. ‘बहुरूपी’ ही प्रणाली त्यांनी घडवलेली.

“मला आधी हे तुमचं बहुरूपी समजावून सांगा,” पाठारे म्हणाले. “मी गणितातला नाही, हे धरून चाला.”

“सोपं आहे साहेब,” मुजावर म्हणाले. “एका घरात चार सुना आहेत. चौघीही चहा करतात. चहा चारही वेळा चहाच असतो, पण आलं कुणी ठेचून घालतं, कुणी किसून. सासूला न बघता कळतं कुणी केलाय. आमची प्रणाली तेच करते. शीतनळीचा आराखडा ज्याला ज्याला बघायची परवानगी आहे, त्या प्रत्येकाला ती किंचित निराळी प्रत दाखवते.”

“किंचित म्हणजे?”

“शीतनळी क्षेपणास्त्राचा डोळा गार ठेवते. तिच्या आत हवा खेळवायला चौदा खाचा आहेत. प्रत्येक खाचेच्या खोलीला थोडी मोकळीक आहे. केसाच्या जाडीइतकी कमीजास्त झाली तरी नळी काम करतेच. त्या मोकळिकीत बहुरूपी फासे टाकते. तुमच्या प्रतीत तिसरी खाच जराशी उथळ, माझ्या प्रतीत जराशी खोल. हे निरुपद्रवी फरक म्हणजे ज्याची त्याची ओळख-खूण.”

“आणि फुटलेल्या कागदावर खूण सापडली, की माणूस सापडला.”

“अगदी. आणि आपल्या प्रतीत खूण कुठे आहे, हे त्या माणसाला ठाऊक नसतं. त्यामुळे पुसताही येत नाही.”

पाठाऱ्यांनी एक कागद पुढे सरकवला. एका परदेशी शस्त्रकंपनीचा गुप्त संदेश आपल्या लोकांनी पकडला होता. बहुतेक मजकुराचं कुलूप अजून फुटलं नव्हतं. फुटला तो एवढा तुकडा, चौदा खाचांचा तक्ता.

“चौदाच्या चौदा भोईटेच्या प्रतीशी जुळतात,” मुजावर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात यश मिळाल्याचा आनंद नव्हता. “दुसऱ्या कुणाशीही नाही.”

“योगायोग?”

“मी चौपाटीवरचा वाळूचा एक कण उचलून पुन्हा टाकायचा, आणि तुम्ही डोळे बांधून नेमका तोच उचलायचा. तेवढा योगायोग.”

“मग प्रश्न मिटला. उद्या दुपारी माझा अहवाल जाईल. त्यानंतर हे माझ्या हातात नाही आणि तुमच्याही.” पाठारे थांबले. “तरुण आहे ना?”

“हो,” शाल्मलीताई म्हणाल्या. “आयुष्य तुरुंगात जाईल एवढा तरुण.”

उन्मेषला त्यांनी स्वतः विचारलं. तो खुर्चीत आखडून बसला होता, आणि तशातही समोरचे दोन पेले त्याने एका रेषेत लावून ठेवले होते.

“कुणाला दाखवलास का आराखडा?”

“ताई, बायकोनं विचारलं काय बनवता, तर मी सांगितलंय, नळ्या. तिला वाटतं मी पाणीपुरवठ्यात आहे. परवा म्हणाली, आपल्याच घरात पाणी का येत नाही वरच्या मजल्यावर.”

“आराखड्यात काही बदल केलास?”

“नाही.”

“नक्की?”

“देवाशप्पथ. बदल करायचा तर अर्ज लागतो, तुमची सही लागते. मी काय बदलणार?” मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “बाबांना कळवलंय का?”

“नाही.”

“नका कळवू एवढ्यात.”

त्यांना तो खरं बोलतोय असं वाटलं. पण त्यांच्या कामात वाटण्याला किंमत नव्हती. खूण त्याची होती.

शाल्मलीताईंचं लक्षवातींचं व्रत चालू होतं. रोज पहाटे स्नान करून कापूस घेऊन बसायचं आणि त्या दिवसाच्या वाती वळून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. नवसाचं व्रत नव्हतं, मागायचं काही नव्हतं. दिवसभर इतरांच्या गुपितांवर पहारा करणाऱ्या बाईला दिवसाचा पहिला प्रहर असा गप्प आणि उघडा मिळाला, की बरं वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसल्या, पण बोटं चालेनात. शेजारी टोपली होती. वसाहतीतल्या बायकांनी आदल्या संध्याकाळी देवळात बसून वळलेल्या वाती दीपोत्सवासाठी त्यांच्याकडे निवडायला आल्या होत्या, त्यात त्यांच्या स्वतःच्याही काही होत्या. वाकडी वात भडकते, काजळी धरते, मूर्तीचा चेहरा काळा होतो. म्हणून आधी त्याच निवडायच्या, असं त्यांनी ठरवलं.

त्या एकेक उचलून बोटांत फिरवू लागल्या. ही थोरातवहिनींची, डोकं जाड. ही प्राजक्ताची, शेपूट सैल, गप्पा मारत वळलेली. ही जोगळेकरांच्या सूनबाईंची, पीळ उलटा, पोरगी डावखुरी आहे. त्यांना मनात हसू आलं. न सांगता सगळ्या बायका टोपलीत बसल्या होत्या.

मग एक वात हातात आली. डोकं घट्ट, पीळ एकसारखा, शेपूट निमुळतं. कुणाची बरं ही? त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिली. माझी? की कमळाबाईंची? की थोरातवहिनींनाच एखादी साधली? त्यांनी तशी दुसरी शोधली, तिसरी शोधली. चांगल्या वातींचा छोटा ढीग झाला, आणि त्यातली स्वतःची कुठली हे त्यांना ओळखता येईना.

त्यांचा हात थबकला.

वाकडी वात बाईचं नाव सांगते. चांगली वात कुणाचंच नाव सांगत नाही.

आणि उन्मेषच्या हातात कुठली वस्तू कधी वाकडी राहिली होती? पेले, साखळी, शेजाऱ्यांचं घड्याळ!

तेवढ्यात फोन वाजला. पती श्रीरंगराव पेपर टाकून धावले.

“हॅलो... हां मुजावर, बोला. नाही हो, ती बोलत नाहीये... नाही, भांडण नाही झालं, मौन आहे. व्रत. वाती व्हायच्यात... किती म्हणून काय विचारता, मला कुठे मोजू देते ती.” त्यांनी फोनवर हात ठेवला. “पाठारे कंपनीत येऊन बसलेत म्हणतायत. अहवाल लिहायला घेतलाय.”

शाल्मलीताईंनी डोळे मिटले. उठून ओरडावंसं वाटत होतं. पण आज मोडलं तर उद्यापासून ते व्रत राहणार नाही, नुसता कापूस उरेल. आणि घाई केली तर वाती वाकड्या होतील. त्यांनी श्वास घेतला, कापूस ओढला. श्रीरंगराव फोन धरून तसेच उभे राहिले आणि अधूनमधून मुजावरांना समालोचन देत राहिले, “होतंय, होतंय... आता थोड्याच राहिल्या... हां, शेवटची.”

शेवटची वात ताटात ठेवून त्यांनी नमस्कार केला आणि फोन जवळजवळ हिसकावून घेतला.

“मुजावर, त्यांना लिहू देऊ नका. चहा द्या, काहीही करा. मी येतेय.”

“उन्मेषच्या आजच्या खुणा आणि तुमच्या फाशांनी पहिल्या दिवशी त्याला दिलेल्या खुणा एकच आहेत का?” कंपनीत आल्या आल्या शाल्मलीताईंनी विचारलं.

“असणारच की. खुणा कशाला बदलतील?” मुजावरांनी पडद्यावर दोन रांगा काढल्या आणि चष्मा कपाळावर सारला. “या अल्ला. यातली एकही तीच राहिलेली नाही.”

पाठारे उठून उभे राहिले. “कसं शक्य आहे?”

“त्याने खाचांची खोली हळूहळू सरकवलीय. मोकळिकीच्या आत राहून, म्हणून धोक्याची घंटा वाजली नाही. माझ्या यंत्राला निरुपद्रवी फरक म्हणजेच खूण. यंत्राने मुकाट्याने हीच उन्मेषची नवी खूण म्हणून घेतली.”

“म्हणजे खुणांशी छेडछाड!” पाठारे म्हणाले. “खटावकरबाई, तुम्ही त्याला वाचवायला आलात की बुडवायला? काल तो देवाशप्पथ म्हणाला होता, काही बदललं नाही म्हणून.”

शाल्मलीताईंनी दोन्ही रांगा पुन्हा वाचल्या. हे त्यांनी धरलं नव्हतं. “त्याला बोलवा,” त्या म्हणाल्या. “त्याच्याच तोंडून ऐकू.”

उन्मेषला आणलं. रात्रभर झोप नसलेला चेहरा.

“खाचा सरकवल्यास तू?” पाठाऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“काल नाही म्हणालास!”

“बदल केला का विचारलं होतं. बदल नाही केला साहेब. नीट केल्या फक्त.”

“नीट म्हणजे काय?”

“शीळ यायची.” उन्मेषने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं, जणू हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं होतं. “हवा फिरताना बारीक शीळ. नियमात बसत होती, कुणाची तक्रार नव्हती. पण मला दिवसभर ऐकू यायची. मग रोज एखादी खाच थोडी इकडे, थोडी तिकडे. एक हलवली की दुसरी बिनसायची. शेवटी एक दिवस शीळ थांबली. गेल्या चाचणीत तीच नळी बसवली होती अस्त्रात.”

“आणि याच खाचा तुझ्या ओळख-खुणा आहेत, हे तुला ठाऊक होतं?”

“या?” त्याने पडद्यावरच्या दोन रांगांकडे पाहिलं. “मी... माझ्या खुणा नीट केल्या?”

मुजावरांना अशा वेळीही हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

“साहेब, टोपलीतल्या वातींसारखं आहे हे,” शाल्मलीताई पुढे झाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं. “वाकड्या वातीवरून मी बाई ओळखते. चांगली वात कुणाची ते मलाही ओळखता येत नाही, कारण वाकडं व्हायच्या तऱ्हा शंभर आणि चांगलं व्हायची एकच. फाशांनी पडलेल्या खुणा उन्मेषच्या एकट्याच्या होत्या. त्या जगात दुसरीकडे सापडल्या असत्या तर तो चोर. पण याने त्या पुसून जे ठेवलं, ते त्याचं राहिलंच नाही. जो कुणी शीळ थांबेपर्यंत चिकाटी धरेल, तो इथेच येऊन पोचेल. तिकडचाही.”

“बाई, वातींवर मी दिल्लीला अहवाल लिहू?”

“नको. वातींवर नका लिहू. करून बघा.”

“करून बघता येईल,” मुजावर एकदम म्हणाले. “कोरा शोधक आहे आपल्याकडे.”

“तो कोण?”

“माणूस नाही, यंत्र. जाळ्याला कधीच न जोडलेलं. त्याने एकही आराखडा पाहिलेला नाही, आपला नाही, परक्यांचा नाही. त्याला धातूची नळी द्यायची, हवा द्यायची, एक कान द्यायचा, आणि एवढंच सांगायचं की शीळ बंद कर. खाचा त्याच्या त्याने शोधू दे. खटावकरताईंचं खरं असेल तर तो तक्त्यावरच येईल. खोटं असेल तर चौपाटीवर कुठेही.”

पाठाऱ्यांनी लेखणी टोपणात घातली. “लावा.”

चाचणीकक्षात कोऱ्या शोधकाने शीळ घालायला सुरुवात केली. आधी कर्कश, कुकरच्या शिट्टीसारखी, मग थोडी बारीक. तो खाच कोरायचा, ऐकायचा, नळी टाकून दुसरी घ्यायचा. उन्मेष दाराबाहेर दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये बसून प्रत्येक शिळेला डोळे मिचकावत होता. “चौथी खोल झालीय,” तो पुटपुटला. पहारेकरी दरडावून म्हणाला, “गप बसा साहेब, पेपर फुटंल.”

दुपार कलायला लागली तसे आकडे स्थिरावले. पहिली खाच जुळली. दुसरी जुळली. मुजावर एकेक वाचून दाखवत होते. सहावी जुळली. सातवी...

“सातवी नाही,” मुजावर म्हणाले.

शाल्मलीताईंनी पदर घट्ट धरला. सातवी खाच तक्त्यातल्याहून खोल होती आणि यंत्र पुढे सरकलं होतं. आठवी जुळेना, नववीही नाही. पाठाऱ्यांचा हात पुन्हा लेखणीकडे गेला.

“थांबा की जरा,” शाल्मलीताई म्हणाल्या. “अजून वाजतंय ना ते?”

वाजत होतं. अगदी बारीक, पण वाजत होतं. यंत्राने ते ऐकलं, नळी टाकून दिली, मागे आलं आणि सातवीला पुन्हा हात घातला. किंचित उथळ. आणखी किंचित. आठवी आपोआप जागेवर आली, मग नववी, आणि मग एकामागून एक चौदावीपर्यंत.

खोली गप्प झाली. शीळ थांबलेली कळायलाही क्षणभर गेला.

मुजावरांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. म्हणाले, “एकच.”

पाठाऱ्यांनी बोट फिरवत एकेक आकडा स्वतः ताडून पाहिला. “म्हणजे चोरी झालीच नाही.”

“नाही. माझी प्रणाली माणूस ओळखत नाही साहेब, चुका ओळखते. ज्याची चूकच उरली नाही त्याच्यापुढे ती आंधळी आहे. हे मला आधी कळायला हवं होतं.”

“चुका आपल्या आपल्या असतात,” शाल्मलीताई म्हणाल्या. “निर्दोष प्रत एकच. ती वरच्याने उघडी ठेवलीय, परवाना न विचारता.”

पाठाऱ्यांनी लिहिलेला अहवाल फाडला नाही. नीट घडी घालून खिशात ठेवला. “हा मी जपून ठेवणार आहे,” ते म्हणाले. “पुन्हा कधी इतकी खात्री वाटली, की काढून बघायला.”

शाल्मलीताई बाहेर आल्या. उन्मेष उठून उभा राहिला. त्यांनी चकती पुढे केली, तर तो तिच्या साखळीचा पीळच सोडवत बसला. शेवटी त्यांनीच ती त्याच्या गळ्यात घातली. तो वाकला तो वाकलेलाच राहिला, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“बाबांना आता कळवू?” तो म्हणाला.

“काय कळवणार? काही झालंच नाही.”

तो रडता रडता हसला. मग जाता जाता म्हणाला, “ताई, चपला.” सकाळी घाईत दाराशी काढलेल्या त्या एकीवर एक पडल्या होत्या. त्याने त्या सरळ केल्या.

गोष्ट इथेच संपली असती. पण काही आठवड्यांनी पाठारे पुन्हा आले, न कळवता. त्यांनी तिघांना बसवलं.

“पकडलेल्या संदेशाचं उरलेलं कुलूप फुटलं. मला वाटत होतं ते त्यांच्या अस्त्राचं वर्णन असेल.” त्यांनी कागद काढला. “आरोपपत्र आहे.”

“कुणावर?” उन्मेषने विचारलं.

“त्यांच्याच एका अभियंता बाईवर. आपल्या गेल्या चाचणीचे संकेत ते दुरून ऐकत होते. नळीला शीळ असली की अस्त्राचा डोळा थरथरतो, ती थरथर संकेतांत उमटते. या वेळी उमटली नाही. अशी बिनशिळेची नळी जगात फक्त त्यांच्याकडे होती, या बाईने बनवलेली. तेव्हा ती तिनेच आपल्याला विकली, असा आरोप. पुरावा म्हणून जोडलेला तिचा तक्ता आपल्याला आधी मिळाला.”

उन्मेषसाठी हे आरोपपत्र नव्हतं, आरसा होता.

“तिकडे कोरा शोधक आहे?” त्याने विचारलं.

“असला तरी लावायचं सुचलं पाहिजे ना,” मुजावर म्हणाले. “तिकडे वाती वळत नसतील.”

“आपण कळवायचं तरी कसं?” उन्मेष म्हणाला. “आपण जे सांगू ते तिच्याच विरुद्ध जाईल. शत्रू तिच्या बाजूने बोलतोय म्हणतील.”

शाल्मलीताईंनी तो कागद आपल्याकडे ओढला. “गुपित म्हणजे आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते,” त्या म्हणाल्या. “जे दोघांकडे आहे, त्यावर मी पहारा कशासाठी करतेय? साहेब, नळी गोपनमुक्त करा. सगळ्या जगापुढे छापा. लशींच्या पेट्यांना बिनआवाजी गारवा मिळेल, तो फायदा वेगळा. आणि कोऱ्या शोधकाचा प्रयोगही त्यात सविस्तर लिहा, म्हणजे तिकडचं कुणीही करून बघू शकेल.”

पाठाऱ्यांनी तिघांकडे बघितलं. “हे मागायला मी आलो होतो,” ते म्हणाले. “मला वाटलं सुरक्षा अधिकारी नकार देतील.”

निबंध उन्मेषने लिहिला. छापायला पाठवण्याआधी शाल्मलीताईंनी तो हातात घेतला. तक्त्यावर बोट ठेवलं.

“सातवी खाच जराशी खोल लिही. कोरा शोधक आधी अडकला होता तेवढी.”

“ताई!” उन्मेष जवळजवळ ओरडला. “शीळ येईल!”

“येऊ दे थोडी. मोकळिकीतच आहे ना? नळी कुणाची बिघडणार नाही. आणि प्रयोगाच्या भागात तो आधी कुठे अडकला, मग कुठे स्थिरावला, हे दोन्ही खरे आकडे आहेतच. खोटं काही नाही.”

“पण कशाला?”

“बाळा, सगळं निर्दोष पाठवलंस तर ते तुझं आहे हे कुणाला कळेल? एक खाच तरी तुझी असू दे.”

निबंध तसा गेला. त्या खाचेचा आकडा लिहिताना उन्मेषने दोनदा तो खोडून बरोबर लिहिला आणि दोन्ही वेळा शाल्मलीताईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

मग बरेच महिने काही नाही. त्या बाईचं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. रोजच्या वाती झाल्या की शाल्मलीताई शेवटची एक तिच्या नावाने ठेवत. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतंच ‘तिची’ म्हणत.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी मुजावर चाचणीकक्षात आले, हातात परदेशी विज्ञानपत्रिका. शीतनळीवरच एक निबंध होता. लेखिका एकच, आणि तिचं नाव उच्चारायला तिघांचीही जीभ वळेना.

उन्मेष तक्त्यावर तुटून पडला. “पहिली बरोबर... पाचवी बरोबर... हे बघा! सातवी चुकलीय. आपलीच चूक उतरवून घेतलीय. निदान करून तरी बघायचं!”

“मागचं पान बघ,” शाल्मलीताई म्हणाल्या.

मागच्या पानावर तिच्या स्वतःच्या जुन्या प्रयोगाचे आकडे होते. उन्मेषचा निबंध यायच्या कितीतरी आधीचे. त्यात चौदाही खाचा अचूक होत्या. सातवीसुद्धा.

उन्मेष दोन्ही पानं उलटत राहिला. बरोबर आकडा तिला पाठ होता. तरी शेवटच्या तक्त्यात तिने त्याची वाकडी खाच होती तशी ठेवली होती, आणि खाली स्वतःच्या नावाने सही केली होती.

“सुटली,” तो म्हणाला. “ताई, सुटली ती. आपल्या नावाने छापतेय. आणि आपला कागद पोचला, हे सांगतेय.”

मुजावरांनी चष्मा काढून पुसला. “माझं बहुरूपी,” ते म्हणाले, “चोर पकडायला केलं होतं.”

उन्मेषने त्या तक्त्याबरहुकूम एक नळी कोरून घेतली आणि पकडीत बसवली. हवा सोडली. खोलीत बारीक शीळ उमटली, लांबून कुणीतरी हाक मारावी तशी.

शाल्मलीताई दारात अनवाणी उभ्या राहून ऐकत होत्या. उन्मेषचा हात सवयीने खाचेकडे गेला, आणि मग त्याने तो मागे घेतला.

“वाजू दे,” तो म्हणाला.